डॉक्टरीणबाईंच्या ट्रकचं फोर-व्हील

शनिवार

गुरांच्या डॉक्टरीणबाई आज स्वतः त्यांचा पिकअप ट्रक घेऊन आल्या. हा ट्रक नवा असल्यापासून आमच्याच गॅरेजमध्ये येतो, दुसऱ्या कुणी त्याला पाना लावलेला नाही, आणि लावलेला असता तर मला कळलं असतं. तक्रार अशी की फोर-व्हीलचं बटण फिरवलं की डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा नुसता लुकलुकतो, स्थिर होत नाही. चिखलात मागची दोन चाकं जीव तोडून फिरतात आणि पुढची दोन पाहुण्यासारखी बघत बसतात.

बाईंचं काम खरंच अडलंय. डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये गुरांना रोग लागलाय. लस येणार सोमवारी, म्हणजे या नव्हे, पुढच्या. ती बर्फाच्या पेटीत येते आणि त्याच दिवशी वर पोचली पाहिजे, नाहीतर मातीमोल. शेवटचा चढ सगळा चिकणमातीचा. चारही चाकांनी ओढल्याशिवाय तिथं कुठली गाडी जात नाही. बाई सांगत होत्या की चौकातला गॅरेजवाला म्हणाला, कॉम्प्युटर लावून बघतो. मला ते लागलं. मी म्हटलं, "बाई, त्या सोमवारी तुमचा ट्रक वर गेला नाही, तर हे गॅरेज पोरीच्या नावावर करून मी घरी बसेन."

बाई हसल्या. पोरगी हसली नाही. ती माझ्या हाताखाली काम शिकली, आता हाताखाली म्हणायचं एवढंच, अर्ध्या गाड्या तीच काढते. पण शब्द दिला तो दिला. बाईंचं मला आवडतं ते हे की त्या समोर उभ्या राहून मोठ्यानं, स्वच्छ बोलतात. हल्लीची गिऱ्हाइकं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, त्यांची गाडी काय खाक दुरुस्त होणार.

रविवार

गॅरेज बंद. बायकोनं मला कुकरवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि शेजारी गेली. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा. मी तिथंच ओट्यापाशी पेपर वाचत बसलो होतो. एकही शिट्टी झाली नाही. ती आली तेव्हा घरभर करपल्याचा वास आणि दोष माझा. मी लगेच शिट्टी सोडवली, साफ केली, पाणी भरून पुन्हा लावून पाहिली. वाफ फसफसून बाहेर येते पण शिट्टी काही होत नाही. मालच खोटा. नवा कुकर घेऊ म्हटलं तर बायको माझ्याकडे बघत राहिली. तिला जुन्या वस्तूंची माया फार.

सोमवार

आज ट्रक पिटवर घेतला, म्हणजे जमिनीतल्या त्या खड्ड्यावर, जिथून गाडीच्या पोटाखाली जाता येतं. आमच्या गॅरेजची रीत आजही मोडली नाही: आधी कान, मग पाना. गाडी आली की रेडिओ बंद, बोलणं बंद, हवेचा पंप बंद. मी ऐकतो. मी फॉल्ट सांगेपर्यंत कुणी हत्यार उचलायचं नाही. माझ्या वडिलांनी मला असंच शिकवलं. माझ्या कानावर लोकांनी पैजा लावल्यात. एकदा रस्त्यावरून चाललेल्या बसचं बेअरिंग गेलंय हे मी जेवताजेवता सांगितलं होतं आणि ती बस पुढच्या वळणावर थांबली होती. लोक मला उस्ताद म्हणतात ते काय उगाच नाही.

गिअरबॉक्सच्या मागे एक पेटी असते, ती इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे वळवते. पूर्वी तिला दांडा असायचा, ताकदीनं ओढायचा. आता बटण. बटण फिरवलं की पेटीवर बसवलेली छोटी मोटर आतला काटा सरकवते. चांगली असेल तर टक, मग घर्र, मग पुन्हा टक. अगदी घरच्या दाराच्या कडीसारखा ओळखीचा आवाज. मी खड्ड्यात उतरलो, पोरगी केबिनमध्ये बसली. तिनं बटण फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरव म्हटलं. काही नाही. ठार शांतता.

निदान झालं. मोटरपर्यंत वीजच पोचत नाही. पोरगी खाली उतरली आणि मीटर लावून बघू का म्हणाली. मी म्हटलं, मीटर ज्यांना कान नाहीत त्यांच्यासाठी. बोलायच्या आधी तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. हल्ली ती नेहमी ठेवते. लहानपणी कुणाला जवळ येऊ द्यायची नाही ही पोर, आता बापावर एवढी माया. मनातून बरं वाटलं.

मंगळवार

फ्यूज पाहिले, चांगले. रिले, म्हणजे वीज जोडणारा छोटा स्विच, बदलला. इंजिनापासून पेटीपर्यंत वायर न् वायर बोटानं चाचपत गेलो. अर्थिंगचा जोड गंजलेला होता, तो घासून चकाचक केला. मला वाटलं, सापडला चोर. बटण फिरवलं. शांतता.

मग मोटरच सोडवली आणि टेबलावर थेट बॅटरी लावली. फिरली! डोळ्यांनी बघितलं, शाफ्ट झकास फिरला. मात्र अगदी मुकी. आत ग्रीस चांगलं राहिलंय, म्हणून आवाज करत नसेल. म्हणजे मोटर निर्दोष, वीज कुठंतरी मधेच मरते. मोटर पुन्हा बसवली. पोरगी म्हणाली, बाबा, पुढच्या चाकांच्या एक्सलकडे एकदा बघायचं का. मी म्हटलं, घराच्या दारात चोर पकडायचा सोडून परसात कशाला शोधायचा. इथं आवाज येईल तेव्हाच पुढं बघायचं.

गुरुवार

नवं बटण शहरातून आज आलं. बसवलं. दिवा लुकलुक, खाली शांतता. माझं डोकं फिरलं. मी बॅटरीपासून मोटरपर्यंत वेगळी वायर ओढली, मधलं सगळं टाळलं. तरी शांतता. वीज आहे, मोटर चांगली आहे, आवाज नाही. असं कसं होईल? आयुष्यात असं झालं नाही.

खड्ड्यात डोकावलो तर पोरगी त्या पेटीवर हात ठेवून बसलेली. तिनं लांब वायर केबिनमधून खाली आणून मोटर स्वतःच चालू-बंद करायची सोय केली होती. मी म्हटलं, गाडीला ताप आलाय का बघतेस? ती हसली, पण ते हसू मला आवडलं नाही. डोळे भरल्यासारखे वाटले. डिझेलची वाफ असेल.

बाई संध्याकाळी येऊन गेल्या. वरच्या वस्तीत आणखी दोन गायी गेल्या म्हणाल्या. मी म्हटलं, सोमवारी ट्रक वर जाणार म्हणजे जाणार. भीती वाटते, हे इथं लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. गॅरेज जाईल याची भीती नाही, ते पोरीकडेच जाईल. घरी बसायची भीती वाटते. घरी बसून मी काय करणार, कुकरच्या शिट्ट्या मोजणार?

शुक्रवार

काही झालं नाही. दिवसभर तीच वायर, तेच बटण. जेवताना बायको आणि पोरगी एकमेकींशी इतक्या हळू बोलत होत्या की मला एक शब्द कळला नाही. मी विचारलं, काय चाललंय? दोघी एकदम गप्प झाल्या. घरात माझ्याविरुद्ध कट शिजतोय असं वाटून मी जेवणावरून उठलो. पोरीचं लग्नबिग्न असेल तर सरळ सांगावं.

शनिवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

सकाळी पोरगी म्हणाली, बाबा, पेटीचा वरचा बोल्ट सैल वाटतो, मी आवळते, तुम्ही खालून तळवा घट्ट दाबून धरा, अजिबात काढू नका. मी धरला. तिनं बोल्टला हातानंच दोन वेढे दिले, मग म्हणाली, पाना वर राहिला, आणते. बरं म्हटलं. तर ही विसरभोळी पोर पाना आणायचा सोडून केबिनमध्ये जाऊन बसली आणि बटणाशी खेळत बसली. मी खाली तळवा दाबून उभा. ओरडणार होतो.

तेवढ्यात हाताला काहीतरी लागलं. आधी एक ठोका, मग बारीक थरथर, मग पुन्हा एक ठोका.

मी हात काढला नाही. ती पुन्हा बटण फिरवत असणार, कारण पुन्हा तसंच झालं. ठोका, थरथर, ठोका. टक, घर्र, टक. तळव्यात सगळं होतं आणि कानात काहीच नव्हतं. मी कान पेटीला टेकवला. गालाला थरथर लागली, कानाला काही नाही.

मोटर पहिल्या दिवसापासून चालू होती. आठवडाभर मी तिच्यासमोर उभा राहून तिला मुकी म्हणत होतो.

मी वर आलो नाही. खड्ड्यातल्या पायरीवर बसलो. पोरगी आली, खांद्यावर हात ठेवला, आणि तेव्हा मला कळलं की ती बोलायच्या आधी हात का ठेवते. मी विचारलं, "तुला ऐकू येतो हा आवाज?" ती म्हणाली, "हो बाबा." विचारलं, "कधीपासून?" ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून येतोय."

मला राग आला. फार आला. पाना फेकला मी, भिंतीवर जाऊन पडला. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं आणि मलाच नव्हतं. घरी जाऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, दोन वर्षं झाली, टीव्ही केवढ्यानं लावता तुम्ही. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "कुणी सांगायचं तुम्हाला? सांगायला गेलं की तुम्ही म्हणता, नीट बोल, पुटपुटू नकोस."

खोटं नाही ते. मी अंथरुणावर पडून राहिलो. जेवलो नाही. उस्ताद म्हणे, उस्ताद. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि तोसुद्धा असा गाजावाजा करून.

मग उठलो. कारण एक गोष्ट डोक्यात आली आणि ती बसू देईना. मोटर चालतेय म्हणजे पेटी तिचं काम करतेय. मग फॉल्ट पेटीत नाहीच. पायात चपला घातल्या आणि गॅरेजवर परत गेलो. पोरगी तिथंच होती, घरी गेलीच नव्हती. तिनं पुढची चाकं आधीच जॅकवर उचलून ठेवली होती. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, सहज.

गाडी गिअरमध्ये ठेवून बटण फिरवायला सांगितलं आणि पेटीतून पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट हातानं पिरगाळून पाहिला. लोखंडासारखा घट्ट. म्हणजे ताकद इथपर्यंत येते. मग पुढचं चाक फिरवून पाहिलं तर ते मोकळं, पोरांच्या भिंगरीसारखं. मी पोरीकडे बघितलं. दोघांच्याही तोंडून एकच निघालं असणार, कारण तिचे ओठ हलले तेव्हा माझेही हलले: एक्सल.

रविवार

गॅरेज बंद ठेवायचा नियम मोडला. पुढच्या एक्सलवर एक दुसरी छोटी मोटर असते, तिचं काम फक्त चाकांच्या दांड्याला मधे जोडायचं. नीट जोडलं की दिवा स्थिर होतो, नाही जोडलं की लुकलुकतो. तोच लुकलुकणारा दिवा आठवडाभर मला सांगत होता आणि मी त्याला बटणाचा दोष म्हणत होतो. ती मोटर उघडली तर आत अख्खी नदी वाहून गेलेली. झाकणाचं रबर फाटलेलं, त्यातून चिखलपाणी शिरलेलं, आतला सरकणारा काटा गंजून जागच्या जागी बसलेला.

काटा पोरीनं काढला. मी काढायला गेलो असतो तर हातोडी चालवली असती आणि मोडला असता. तिनं डिझेलमध्ये भिजवला, बारीक पॉलिश पेपरनं घासला, मधेमधे सरकवून बघितला, पुन्हा घासला. मी शेजारी स्टुलावर बसून बघत होतो. एवढा धीर माझ्यात कधी नव्हता आणि तिच्यात तो कुठून आला, देव जाणे. आईकडून असणार. रबर नवं घातलं, ग्रीस भरलं, झाकण लावलं.

बटण फिरवलं. या वेळी मी एक हात एक्सलवर ठेवला. ठोका लागला. मी वर ओरडून विचारलं, दिवा? पोरगी केबिनमधून वाकली आणि मला दिसेल असा अंगठा वर केला.

मला रडू आलं. इथं लिहितो, तिथं दाखवलं नाही.

सोमवार

लस सकाळी आली. बाईंनी लशीची बर्फाची पेटी मागे बांधली. मी म्हटलं, शेवटच्या चढापर्यंत आम्ही दोघं येतो, ट्रक चढलेला बघितल्याशिवाय मी परत जाणार नाही. बाई चालवत होत्या, मी मधे, पोरगी खिडकीशी. चिखल सुरू झाला तेव्हा मला आणि पोरीला उतरवलं, वजन कमी करायला.

बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून मला काहीतरी विचारलं. इंजिन चालू होतं. पूर्वी मी मान डोलावली असती आणि काहीतरी ठोकून दिलं असतं, उस्तादाच्या थाटात. गेली दोन वर्षं बहुतेक तेच करत आलोय. आज मी त्यांना सांगितलं, "बाई, मला कमी ऐकू येतं. मोठ्यानं बोला, नाहीतर पोरीला विचारा. ट्रक तिनंच बरा केलाय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग पोरीला विचारलं, बहुधा चढताना सुटणार नाही ना असं काहीतरी, आणि पोरीनं ठामपणे नाही म्हणून मान हलवली.

ट्रक चढाला लागला. मी बघत होतो. आधी मागची चाकं घसरली, मग पुढच्या चाकांनी माती पकडली आणि ओढायला लागली. चिखल त्यांच्या मागे उडायला लागला, सगळीकडे, माझ्या सदऱ्यावरसुद्धा. ट्रक सरकत सरकत वर गेला आणि मधल्या वळणाआड दिसेनासा झाला. आता फक्त आवाज राहिला असणार. मी पोरीला विचारलं, "कसा येतोय?" तिनं कान दिला, डोळे मिटले, अगदी मी मिटायचो तसे. म्हणाली, "एकसारखा येतोय बाबा. कुठं अडत नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "आता वर पोचला. इंजिन बंद केलं." मी तिथंच उभा राहून तिचं ऐकलं. माझ्या बापानं माझं असंच ऐकलं असेल का, कुणास ठाऊक.

उतरताना दोघंही चिखलात दोनदा पडलो आणि हसलो.

बुधवार

बाई काल संध्याकाळी खाली आल्या. वरच्या सगळ्या गुरांना लस झाली. चहा पाजला त्यांना. चौकात त्यांनी कुणाला तरी सांगितलं असणार, कारण आज चौकातल्या गॅरेजवाल्यानं स्वतःची एक गाडी पोरीकडे पाठवली. माझ्याकडे नाही, पोरीकडे, नाव घेऊन. छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं राहिलं.

दुपारी मी पोरीला म्हटलं, चल, कचेरीत जाऊ, गॅरेज तुझ्या नावावर करायचंय. ती दचकली. म्हणाली, "पण बाबा, ट्रक तर वर गेला. तुम्ही जिंकलात." मी म्हटलं, "म्हणून तर. हरून दिलं असतं तर ते तुझं झालं नसतं, माझी लाज झाली असती. जिंकून देतोय."

ती उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, पोरीला नुसतं सोमवारपर्यंत गप्प बसायचं होतं, गॅरेज आपोआप तिचं झालं असतं. मी म्हटलं, ती कुठं बोलली? ती तर बोल्ट आवळत होती, हाताला मलाच लागलं. बायकोनं कपाळावर हात मारला आणि हसत सुटली. हिचं हसणं मला कधी कळलं नाही, पण चेहरा फार चांगला दिसतो हसताना.

उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचंय, दोघी मिळून नेणार आहेत, मी हो म्हटलंय. परवापासून पोरीला एक गोष्ट नीट शिकवायला घेणार. ऐकायला तिला कान आहेत, पण गाडीवर हात कुठं ठेवायचा हे तिला अजून कुणी दाखवलेलं नाही.